आधी फळ चाखा, मग पेला भरा

मार्चच्या मध्यापासून वाचकांची पत्रं एकाच विषयावर येऊ लागतात. पुदिना घातला की पेय कडू का होतं? हॉटेलातलं कॉकटेल ताजंतवानं लागतं आणि घरचं औषधासारखं, असं का? कोकमाचं आगळ वापरलं तर सगळं खारट झालं, काय चुकलं? गोव्याहून हुर्राक आणला तर चालतो का? आणि सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे घरात निम्मी माणसं घेत नाहीत, त्यांच्या हातात काय द्यायचं?

बाटली कुठली आणायची, याचा आपण फार विचार करतो. आजचं कलिंगड किती गोड आहे, कैरी किती आंबट आहे, हे मात्र कुणी चाखून बघत नाही. घरचं कॉकटेल बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. म्हणून या लेखात बाटलीबद्दल कमी आणि फळांबद्दल जास्त बोलू या.

पाचाचा हिशेब

जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फिरत होता. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गोव्यातल्या नेरूळच्या दारूचा उल्लेख आहे. त्या दारूपासून इंग्रज लोक 'पंच' नावाचं पेय करत. त्यात पाच जिन्नस असतात आणि हे नाव इथल्याच 'पाच' शब्दावरून पडलं, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. पुढे रूढ झालेले ते पाच जिन्नस म्हणजे दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला. आज घरी कॉकटेल करताना यापेक्षा सोपा आराखडा मला सापडलेला नाही. एका उंच पेल्यासाठी सुरुवात अशी करा:

- कडक: ३० ते ४५ मिली (जिन, व्होडका, पांढरी रम किंवा फेणी)
- आंबट: १५ ते २० मिली (लिंबू, कोकम, कैरी)
- गोड: १५ ते २० मिली साखरेचं पाणी
- पाणी: ९० ते १२० मिली सोडा किंवा पाणचट फळाचा रस, शिवाय बर्फ
- सुवास: पुदिना, गवती चहा, आलं, मिरची, मिरी यांपैकी एक, फार तर दोन

पाचही गोष्टी पेल्यात आहेत ना, एवढं आधी बघा. पेय 'काहीतरी कमी आहे' असं लागलं तर पाचातलं एक राहिलेलं असतं किंवा एक जास्त झालेलं असतं. बहुतेकदा आंबट कमी पडतं, आणि आपण चुकून आणखी दारू ओततो.

साखरेचं पाणी म्हणजे एक वाटी साखर एक वाटी गरम पाण्यात विरघळवून गार केलेलं. पाक करायचा नाही, तार यायला नको. कोरडी साखर थंड पेयात नीट विरघळत नाही. ती तळाशी बसते, आणि शेवटचे दोन घोट नुसते गोड लागतात. हे पाणी फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. पाणी उकळतानाच त्यात गवती चहाच्या चार पाती किंवा आल्याचे काप टाकले, तर सुवासाचं निम्मं काम तिथेच होतं.

मोजायला खास भांडं नको. औषधाच्या बाटलीवर येणारं मिलीच्या खुणांचं झाकण धुऊन ठेवा. चहाचा लहान चमचा साधारण ५ मिलीचा असतो. अंदाजाने ओतू नका, कारण दुसऱ्या पेल्यापासून अंदाज सैल होत जातो.

फळ कसं वागतं

कलिंगड म्हणजे जवळजवळ पाणीच. त्यामुळे पाचातलं 'पाणी' त्याने आधीच भरलेलं असतं. वर पुन्हा सोडा ओतला की चव गेलीच म्हणून समजा. बिया काढून फोडी मिक्सरमधून अगदी दोन सेकंद फिरवा आणि गाळणीतून गाळा. जास्त फिरवलं तर फेस येतो आणि बिया भरडल्या जाऊन कडवटपणा उतरतो. एका पेल्याला ९० मिली रस, ४५ मिली पांढरी रम, १५ मिली लिंबू आणि मिठाची चिमूट. साखर चाखून मगच. गोड कलिंगडाला ती लागत नाही.

कैरी उकडून घ्या किंवा गॅसवर भाजून घ्या. भाजलेल्या कैरीला जो धुरकट वास येतो, तो फेणीशी फार चांगला जमतो. ३० मिली फेणी, दोन मोठे चमचे पन्ह्याचा गर (गूळ आणि वेलची घातलेला), अर्धा चमचा आल्याचा रस, भरपूर बर्फ आणि वर १२० मिली सोडा. फेणीचा वास अनेकांना उग्र वाटतो, पण तो दडपायचा प्रयत्न करू नका. कैरी, कोकम, आलं अशा तितक्याच ठाम चवी तिच्या जोडीला द्या. कलिंगड आणि पुदिन्याचं मात्र फेणीपुढे काही चालत नाही.

कोकम घेताना सगळ्यांत जास्त घोटाळा होतो, म्हणून हे नीट लक्षात ठेवा:

- आगळ म्हणजे रातांब्याचा (कोकमाच्या फळाचा) मीठ घालून काढलेला रस. खारट आणि खूप आंबट. पेल्याला १० ते १५ मिली पुरे, आणि वरून मीठ अजिबात नको.
- अमृत कोकम म्हणजे साखरेतला गोड रस. हा वापरलात तर साखरेचं पाणी वगळा आणि लिंबू वाढवा.
- आमसुलं म्हणजे वाळवलेली साल. चार-पाच आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा आणि ते पाणी वापरा.

पत्र लिहिणाऱ्या अनेकांनी अमृत कोकमाच्या कृतीत आगळ ओतलेलं असतं. बाटली उघडण्याआधी चिठ्ठीवर मीठ लिहिलंय की साखर, ते वाचा.

द्राक्षं नाशिकच्या हंगामाच्या शेवटाला, एप्रिलच्या सुमारास, खूप गोड होतात. ती हलकी ठेचून जिनमध्ये घाला, साखर टाळा. करवंदं आणि जांभळं चिकट आणि तुरट असतात, म्हणून गाळून घ्या आणि मिठाची चिमूट द्या. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, सिंधुदुर्गात आणि गोव्यात मिळेल तेव्हा ताजाच पिळा. त्याचा रस घशाला खाजरा लागतो, पण थोडं मीठ घातलं की सुसह्य होतो.

आणि हापूस? माझं मत स्पष्ट आहे. हापूस कॉकटेलमध्ये घालू नका. त्याचा गर दाट असतो, सोड्यात नीट मिसळत नाही, आणि ज्या सुगंधासाठी आपण एवढे पैसे मोजतो तो दारूखाली झाकला जातो. आंबा कापून खा. पेल्यात घालायचीच तर कैरी घाला.

लिंबांचं एक सांगायला हवं. एप्रिल-मे महिन्यांत लिंबू महाग होतं आणि आतून कोरडंही निघतं. हाताखाली दाबून लाटलं की जास्त रस सुटतो. साल चिमटून शेवटचा थेंब काढायच्या नादात सालीखालचा पांढरा भाग पिळला जातो आणि रस कडू होतो. लिंबू परवडत नसेल तेव्हा आगळ किंवा कैरीचा गर वापरा. चव बिघडणार नाही, उलट आपलीशी होईल.

पुदिना कुटायचा नाही

बारा जणांसाठी पेय करायचं म्हणून मी एकदा दोन जुड्या पुदिना साखरेबरोबर मिक्सरमध्ये वाटला होता. वीस मिनिटांत तो काळपट हिरवा झाला, आणि सगळा जग काढ्यासारखा कडू लागला. लिंबू, साखर, सोडा काहीही घालून तो सावरला नाही. तेव्हापासून मी पुदिन्याशी एवढंच करते:

१. फक्त पानं घ्या. देठ आणि काळी पडलेली पानं बाजूला काढा.
२. दोन-तीन पाण्यांतून धुवा. जुडीत माती असतेच.
३. आठ-दहा पानं तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एक टाळी वाजवा. सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावर असतं, तेवढ्याने ते मोकळं होतं.
४. पानं पेल्यात टाका, साखरेचं पाणी ओता आणि लाकडी चमच्याने दोन-तीनदा हलकेच दाबा. पान फाटायला नको. फाटलं की आतला हिरवा कडवटपणा उतरतो.

जुडी टिकवायची असेल तर देठं पाण्याच्या पेल्यात उभी करा, वर पातळ पिशवी पालथी घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा.

तुळशीबद्दल वाचक विचारतात. चव उत्तम लागते, विशेषतः कोकमाबरोबर. पण ज्या घरात अंगणात वृंदावन आहे, तिथे तुळस मद्यात घालणं कुणाला तरी रुचणार नाही, आणि त्यांचं मन मोडून केलेल्या पेयात मजा नाही. सब्ज्याच्या रोपाची पानं घ्या. वास तुळशीच्या जवळचा आणि थोडा गोडसर असतो. कढीपत्त्याची तीन-चार पानं हातात चुरडून जिनमध्ये टाकली तर कैरीबरोबर छान जमतात. कोथिंबीर आणि हिरवी मिरची कलिंगडाला शोभतात. मात्र सगळं एकाच पेल्यात नको.

बर्फ आणि सोडा

बर्फ गार करतो आणि पाणीही वाढवतो. हलवून केलेल्या पेयात वितळलेल्या बर्फाचं पाणी साधारण पाचवा-चौथा हिस्सा असतं. ते हवंच असतं, पण बारीक चुरा झालेला बर्फ फार लवकर वितळतो. लहान वाटीत किंवा स्टीलच्या पेल्यात पाणी गोठवून मोठे खडे करा. बर्फासाठीचं पाणी उकळून गार केलेलं असावं. फ्रीजरमध्ये मासळी असेल तर बर्फाला वास लागतो, ट्रे झाकून ठेवा.

बाहेरून बर्फ आणत असाल तर खाण्यायोग्य आहे का, हे विचारणं तुमचा हक्क आहे. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. निळसर लादी दिसली तर घेऊ नका. पेल्याबाहेरून बाटल्या गार करायला ती चालेल, पेल्यात नाही.

हलवायला कॉकटेलचं भांडं नसेल तर घट्ट झाकणाची बरणी किंवा स्टीलचा डबा पुरतो. सोडा त्यात कधीही घालू नका, झाकण उडतं. सोडा गारच हवा, तो सगळ्यांत शेवटी पेल्याच्या कडेने ओता आणि एकदाच ढवळा.

हुर्राक: कुठे, किती, कसा

बोंडूचा रस आंबवून भाटीवर पहिल्यांदा गाळला की हुर्राक मिळतो. तो ताज्या आंबवलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी. हुर्राक साधारण फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंतच मिळतो आणि फार टिकत नाही, म्हणून तो खऱ्या अर्थाने उन्हाळ्याचा आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हुर्राकला मात्र अजूनही गावोगावच्या चवी आहेत. एकाच तालुक्यात दोन भाट्यांचा हुर्राक वेगळा लागतो.

करायची पद्धत गोव्यात घरोघरी आहे तीच. उंच पेल्यात बर्फ, ९० मिली हुर्राक, अर्ध्या लिंबाचा रस, मिठाची चिमूट, उभी चिरलेली एक हिरवी मिरची आणि वरून लिम्का किंवा लिंबू-सोडा. लिम्का गोड असते, त्यामुळे साखर नको. मिरचीच्या बिया काढल्या तर तिखटपणा न येता नुसता वास येतो.

जपायची गोष्ट एकच. हुर्राक चवीला सरबतासारखा हलका लागतो आणि लोक तो सरबतासारखाच पितात. त्यात साधारण १५ टक्के अल्कोहोल धरलं, तर ९० मिलीत साडेतेरा मिली झालं. आपल्याकडची जिन किंवा रम सहसा ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे ३० मिलीच्या एका पेगमध्ये सुमारे तेरा मिली. थोडक्यात, हुर्राकचा एक भरलेला पेला म्हणजे एक पेग. भाटीप्रमाणे तो याहून कडकही असू शकतो. दुपारच्या उन्हात तीन पेले झाले की तीन पेग झाले, मग चव काहीही म्हणो.

कायदा आणि तुमचे हक्क

- परवाना: महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो. एका दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे प्रकार आहेत. अनेकांकडे तो नसतो. काढून ठेवा.
- वय: महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं, कडक मद्यासाठी २५. गोव्यात १८. पुण्यात शिकणाऱ्या विशीतल्या मुलांनी गोव्याचा नियम इकडे लावू नये.
- बंदी: वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. गुजरातमध्येही आहे, त्यामुळे बडोदे आणि सुरतेच्या वाचकांनी या लेखातला बिनमद्याचा भाग घ्यावा.
- गोव्याहून आणणं: गोव्यातलं मद्य महाराष्ट्रात आणायला परवाना लागतो. 'एक बाटली चालते' हे ऐकीव आहे, त्यावर विसंबू नका. सीमेवर तपासणी होते. हुर्राकसाठी तर हा धोका पत्करण्यात अर्थच नाही. तो तिथेच ताजा प्या, आणि येताना आगळ आणा.
- किंमत: दुकानदार छापील किमतीपेक्षा जास्त मागू शकत नाही. बिल मागा. हॉटेलात मात्र जास्त दर लावता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बाटलीबंद पाण्याच्या बाबतीत ते मान्य केलं आहे. पण पेग तुमच्यासमोर मोजून द्यावा, असा आग्रह तुम्ही धरू शकता.
- सील: बाटलीचं सील आणि चिठ्ठी तपासल्याशिवाय घेऊ नका. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. अशा दारूतलं मिथेनॉल वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही, आणि लिंबू किंवा फळाच्या रसाने त्याचा असर कमी होत नाही.
- गाडी: १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पाहुण्यांना बोलावतानाच परतीचं विचारून ठेवा.
- जागा: हॉल, सोसायटीचं आवार किंवा फार्महाऊसवर मद्य ठेवणार असाल तर तात्पुरत्या परवान्याबद्दल विभागाच्या कार्यालयात आधी विचारा.

कुणी घेऊ नये

गरोदर स्त्रियांनी अजिबात नको. यकृताचा आजार असलेल्यांनी नको. झोपेच्या गोळ्या, मधुमेहाची औषधं किंवा जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दारू अंग गार करते हा गैरसमज आहे. ती लघवीवाटे शरीरातलं पाणी कमी करते, आणि उन्हाळ्यात ते आधीच कमी झालेलं असतं. भर दुपारी उन्हातून आल्या आल्या पेला हातात घेऊ नका. आधी दोन पेले साधं पाणी, काहीतरी खाणं, आणि पुढे प्रत्येक पेल्यामागे एक पेला पाणी.

फळांच्या फोडी घातलेल्या पेयात आणखी एक फसवणूक असते. तळाशी राहिलेल्या फोडींनी दारू शोषलेली असते. पेला संपल्यावर त्या मुलांच्या हाती लागू देऊ नका.

न घेणाऱ्यांचा पेला

दारू काढून टाकली की पाचातली एक जागा रिकामी होते, आणि उरतं ते नुसतं गोड सरबत. म्हणून न घेणाऱ्यांना 'मुलांचं पेय' मिळाल्यासारखं वाटतं. ती कडक जागा भरायला हवी. त्यासाठी मी तीन गोष्टी वापरते: आल्याचा ताजा रस, गवती चहाचा दाट गार काढा किंवा कोऱ्या चहाचं गार पाणी. तिन्हींना घशाशी जाणवणारी धार आहे. २० मिली गवती चहाचा काढा, १५ मिली आगळ, २५ मिली साखरेचं पाणी, ठेचलेल्या चार मिऱ्या, सब्ज्याची पानं आणि सोडा. हा पेला मी घेणाऱ्यांपुढेही ठेवते, आणि बरेच जण दुसऱ्या फेरीला तोच मागतात.

दहा माणसांसाठी

सगळ्यांत सोयीची रीत ही: फळ, आंबट आणि गोड एका जगात एकत्र करून गार ठेवा. त्यात दारू मुळीच घालू नका. बाटली आणि मोजायचं झाकण टेबलावर वेगळं ठेवा. ज्याला हवं त्याने आपल्या पेल्यात मोजून घालावं. एकच जग सगळ्यांचा होतो, कुणाला 'तू घेत नाहीस का?' असं विचारावं लागत नाही, आणि कुणाच्या नकळत पेल्यात काही जात नाही. न सांगता कुणाच्या पेयात दारू मिसळणं ही गंमत नाही. औषधं चालू असलेल्या माणसाच्या ते जिवावर येऊ शकतं.

दहा जणांच्या एका फेरीसाठी कैरीचा जग असा: चार मध्यम कैऱ्यांचा उकडलेला गर, दीड वाटी किसलेला गूळ, दोन मोठे चमचे आल्याचा रस, एक चमचा वेलची पूड, मीठ चवीपुरतं, दीड लिटर गार पाणी. कैरी किती आंबट निघाली त्यावर गूळ कमी-जास्त होईल, म्हणून तो एकदम घालू नका. निम्मा घाला, चाखा, मग उरलेला. जगात बर्फ नको, पेल्यात घ्या. लिंबू पिळायचं असेल तर पाहुणे येण्याच्या तासभर आधीच पिळा. सकाळी पिळून ठेवलेला रस संध्याकाळपर्यंत कडवट होतो. पुदिना पेला भरताना शेवटी, टाळी वाजवून.

जगात काही उरलंच तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आंबट-गोड खडे साध्या सोड्यात टाकले की ते वितळत जाताना पेय पाणचट होत नाही, उलट दर घोटाला कैरीची चव वाढत जाते.